दुधाचे खाडे लिहिता, मग पाळीची तारीख का नाही?

"शेवटची पाळी कधी आली होती?" हा प्रश्न मी दवाखान्यात रोज पंधरा-वीस वेळा तरी विचारते. उत्तरे ठरलेली. "गणपतीच्या आसपास." "नणंदेचा साखरपुडा झाला ना, त्याच्या दोन-चार दिवस पुढे." एवढे बोलून पेशंट सासूबाईंच्या तोंडाकडे पाहते आणि सासूबाई माझ्या. नेमकी तारीख सांगणारी एखादीच. ही तारीख किती मोलाची आहे, हे आज सांगायचे आहे.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा फौजेत. १५ जूनला सुट्टीवर आला आणि वीस दिवस राहून परत गेला. जुलैअखेर सासूबाई सुनेला घेऊन आल्या. तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. मी म्हटले, "गोड बातमी आहे. आठ आठवडे झालेत." सासूबाईंचा चेहरा एकदम उतरला. बोटांवर मोजून त्या हळूच म्हणाल्या, "बाई, पण त्याला येऊन तर दीडच महिना झाला. मग दोन महिने कसे?" सून रडायच्या बेतात आली.

मी सुनेला तारीख विचारली. ती म्हणाली, "३ जून. कॅलेंडरवर टिंब देऊन ठेवलंय."

मग कागदावर लिहून दोघींना समजावले. गर्भ नेमका कोणत्या दिवशी राहिला हे सहसा सांगता येत नाही, म्हणून जगभरचे डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. स्त्रीबीज बाहेर पडते ते पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी. अठ्ठावीस दिवसांचे चक्र असेल, तर पहिले दोन आठवडे गर्भ नसतोच, तरी ते हिशेबात धरले जातात. म्हणजे ३ जूनची पाळी, १५ तारखेला मुलगा घरी, त्याच सुमारास गर्भधारणा आणि जुलैअखेर आठ आठवडे. हिशेब चोख जुळला. ३ जूनमध्ये नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की १० मार्च ही बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते. सासूबाई म्हणाल्या, "माझंच चुकलं गं." ते टिंब नसते, तर त्या घरात काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही.

पूर्वी घरोघरी चार दिवस बाजूला बसण्याची रीत होती. ती बंद होत चालली हे फार चांगले झाले, आणि जिथे अजून आहे तिथूनही ती जावी. पण त्या रीतीमुळे कोणाची पाळी कधी आली, कोणाचा महिना चुकला, हे घरातल्या मोठ्या बायकांना आपोआप कळत असे. रीत गेली, तसा तो हिशेबही गेला. आता तो ज्या त्या स्त्रीने स्वतः ठेवायला हवा, आणि तसाच तो असावा.

दिवस गेल्याची पहिली खूण म्हणजे पाळी चुकणे. उलट्या, मळमळ, छाती दुखणे, वारंवार लघवीला होणे, गळून गेल्यासारखे वाटणे, ही लक्षणे बहुधा नंतर येतात आणि कित्येकींना येतही नाहीत. पण पाळी चुकली म्हणजे दिवसच गेले असेही नाही. थायरॉईड, पाळीचे इतर विकार, काळजी, एकदम घटलेले वजन, यांनीही ती लांबते. आणि दिवस गेले असताना थोडे रक्त दिसू शकते. पहिल्या तीन महिन्यांत चार-पाच जणींमागे एकीला असे डाग दिसतात. "थोडीशी का होईना, आली की पाळी," असे म्हणून ती निश्चिंत होते.

इथेच खरा धोका आहे. शंभर गरोदरपणांत एक-दोन वेळा गर्भ पिशवीत न राहता नळीत राहतो. नळी फुटली की पोटात रक्तस्राव होतो आणि जिवावर बेतते. पाळी चुकलेली किंवा नेहमीपेक्षा कमी आलेली, ओटीपोटात, बहुधा एका बाजूला, दुखते, चक्कर येते किंवा खांदा दुखतो, अशी तक्रार असेल तर पित्त समजून घरी बसू नका. रात्र असली तरी तडक दवाखाना गाठा.

आणखी दोन गैरसमज. "बाळ अंगावर पितंय, पाळी अजून सुरूच नाही, मग दिवस कसे जातील?" जातात. स्त्रीबीज पाळीच्या आधी बाहेर पडते, त्यामुळे बाळंतपणानंतरची पहिली पाळी न येताच पुन्हा दिवस गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. दुसरा गैरसमज चाळिशीतल्या बायकांचा. "पाळी जायला लागली असेल," म्हणून चार महिने थांबतात.

आता गोळ्यांविषयी. गौरी-गणपती आले, घरात लग्न निघाले, की मेडिकलमधून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणल्या जातात, कोणाला न विचारता. गोळ्या बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी यायला हवी. आठवडा उलटला तरी आली नाही, तर "गोळ्यांमुळे लांबली" म्हणून बसू नका, तपासणी करा. तसेच "पाळी आणायच्या गोळ्या" मागू नका. पूर्वी दिवस गेलेत का हे पाहण्यासाठी संप्रेरकांच्या जबर मात्रेच्या गोळ्या देत असत. गर्भाला अपाय होण्याची भीती असल्याने महिला संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि १९८८ साली सरकारने त्यांवर बंदी घातली. आज त्याची गरजच नाही. पाळीची तारीख उलटली की सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी घरच्या घरी होते. पट्टी मेडिकलमध्ये मिळते. 'निश्चय' नावाची पट्टी आशाताईंकडे विचारा, ती सरकारी योजनेतली आहे. दोन रेषा म्हणजे दिवस गेलेत. दुसरी रेष फिकी असली तरी तेच समजा. एकच रेष आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासा.

एवढी घाई कशाला, असे कोणी विचारेल. बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची जी मूळ नळी असते, ती पाळी चुकल्यापासून साधारण दोनच आठवड्यांत मिटून पूर्ण होते. म्हणून मूल हवे असणाऱ्यांनी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आधीपासूनच सुरू करावी. दोन महिने चुकल्यावर डॉक्टरकडे जाणे म्हणजे ती संधी गेली. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी २०१६ पासून होते.

आणि मूल नको असेल, तरीही तारीखच कामी येते. १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. कायद्यात सांगितलेल्या कारणांसाठी वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, आणि नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. जितके लवकर याल, तितके ते सोपे आणि सुरक्षित. मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊन रक्तस्रावाने पांढऱ्याफटक पडलेल्या बायका पाहिल्या, की वाईट वाटते.

असो. आपल्या स्वयंपाकघरात कॅलेंडर असतेच. त्यावर दुधाचे खाडे लिहिलेले असतात, गॅस कधी लावला ते असते, भिशीची तारीख असते. त्यातच दर महिन्याला एक टिंब द्या. कोणाला कळले तर कळू दे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. मुलीची पाळी सुरू झाली की तिलाही ही सवय लावा. आणि पुरुष वाचकांनो, हा लेख "बायकांचा" म्हणून पान उलटले नसेल, तर त्या टिंबाचा अर्थ तुम्हीही समजून घ्या. पुढच्या वेळी मी तारीख विचारली, की सासूबाईंच्या तोंडाकडे न पाहता उत्तर यावे, एवढीच माझी इच्छा आहे.