वटवाघळावरचा आळ

पाचवीच्या वर्गात उर्दूचा तास चालू होता. फळ्यावर ‘चमगादड’ लिहिले, मराठीत त्याला वटवाघूळ म्हणतात असे सांगितले, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, ते तोंडानेच खातं अन् तोंडानेच शी करतं ना? आमची दादी सांगते.” वर्ग हसला. आम्हीही लहानपणी हेच ऐकले आणि कधी शहानिशा केली नाही, हे आठवून मनातून ओशाळलो.

दादीचे बोलणे अगदीच हवेतले नाही. फळे खाणारे मोठे वटवाघूळ फळाचा गर टाळूवर दाबते, रस गिळते आणि चोथा थुंकते. सोनईच्या मुलांना हे वेगळे काय समजवायचे! ऊस खाऊन आपणही तेच करतो. सकाळी झाडाखाली पडलेले चोथ्याचे गोळे जुन्या माणसांनी पाहिले आणि त्यालाच विष्ठा समजले. पाहिले ते खरे होते, अर्थ तेवढा चुकला.

“मग उलटं लटकून केलं तर अंगावर येत नाही का?” दुसऱ्याने विचारले. त्याची सोय आहे. वटवाघळाच्या पंखावर अंगठा असतो आणि त्याला आकडीसारखे नख असते. दोन्ही अंगठ्यांनी ते फांदी पकडते, पाय सोडते आणि डोके वर करून लोंबकळते. काम उरकले की अंग झटकून पुन्हा उलटे! किडे खाणारी लहान वटवाघळे तर पुष्कळदा उडता उडताच मोकळी होतात. “सर, हे तर आमच्या छोट्या भावापेक्षा शहाणं!” वर्ग पुन्हा हसला.

फळाचा रस त्यांच्या पोटातून लवकर, बऱ्याचदा अर्ध्या तासाच्या आत बाहेर पडतो. त्यासोबत वड, पिंपळ, उंबराचे बारीक बी दूरवर पोचते. जुन्या भिंतीच्या फटीत कोणी न लावता उगवलेला पिंपळ पाहतो ना? तो पक्ष्यांचा, नाहीतर या बदनाम जीवाचा प्रताप.

दुसऱ्या दिवशी दादी स्वतःच शाळेच्या फाटकाशी आल्या. “मास्तर, एवढं पाक जनावर आहे, तर त्याचं उष्टं फळ पोरांनी खाल्लं तर चालेल?”

नाही, दादी. वटवाघूळ स्वतःला स्वच्छ ठेवते, म्हणून त्याचे उष्टे आपल्याला चालते असे नाही. मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे घेतलेले नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासले, तेव्हा काहींत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा सापडल्या. म्हणून कुरतडलेले जांभूळ, पेरू मुलांना देऊ नये. माळ्यावरची वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये, तिच्या धुळीतली बुरशी फुप्फुसाला बाधू शकते. नाकातोंडाला फडके बांधावे, पाणी शिंपडावे, मगच काढावी. वटवाघळाला हात लावू नये, मारूही नये.

दादी जाता जाता म्हणाल्या, “खायचं नाही, हे बरोबर. पण इतकी वर्षं बिचाऱ्यावर उगाच आळ घेतला!”

आम्ही काय बोलणार? आळ घेणाऱ्यांत आम्हीही होतो.