प्रयोगशाळेचे दार आणि जालन्याची भट्टी

महाराष्ट्र शासनाने २०१६ साली विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्र येथील उद्योगांना वीजदरात सवलत देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मागास भागाच्या विकासाचा एक उपाय म्हणून तो सांगितला गेला. अनुशेषाची भाषा आपल्याला १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून परिचित आहे, आणि मराठवाड्याच्या पदरात काही पडले याचा खेद कोणी करावा असे मुळीच नाही. परंतु युनिटमागे मिळणाऱ्या सवलतीचा स्वभावच असा की, जो अधिक वीज जाळील त्याला अधिक मिळावे. जालना जिल्ह्यात हा मान अर्थातच भंगार वितळवून सळया काढणाऱ्या पोलाद कारखान्यांचा. वीज वाचविणाऱ्याला या हिशेबात स्थान नाही. किंबहुना जेवढी वीज तो वाचवील तेवढी त्याची सवलतही कमी होते.

हा हिशेब थोडा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. एक टन भंगार वितळवून ओतण्याजोगा रस करण्यास भौतिकशास्त्राच्या नियमांप्रमाणे सुमारे पावणेचारशे ते चारशे युनिट वीज पुरेशी व्हावी. प्रत्यक्षात इंडक्शन भट्टीला साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट लागतात. मधली वीज जाते कोठे? मोठा भाग भट्टीभोवतालच्या तांब्याच्या वेटोळ्यात उष्णता होऊन थंड पाण्याबरोबर वाहून जातो. काही उघड्या तोंडातून वर जातो, तर काही आतल्या अस्तराच्या भिंतीतून पाझरतो. पुढे तयार झालेली तापलेली पट्टी अनेक ठिकाणी निवू दिली जाते आणि सळई लाटण्यापूर्वी कोळसा किंवा तेल जाळून पुन्हा तापविली जाते. आता समजा, दररोज तीनशे टन माल काढणाऱ्या एका कारखान्याने टनामागे केवळ तीस युनिट वाचविले. दिवसाला नऊ हजार युनिट झाले. युनिटला आठ रुपये धरले आणि वर्षाचे तीनशे दिवस भट्टी पेटली, तर दोन कोटी सोळा लाख रुपये झाले. हे एका कारखान्याचे. आणि असे कारखाने जालन्यात एक-दोन नाहीत.

मग हे कोणी करीत का नाही? मालक करीत नाही, कारण बदल करण्यासाठी भट्टी बंद ठेवावी लागते आणि बंद भट्टीचा तोटा आज होतो, बचत मात्र उद्या. मोठ्या यंत्रनिर्मात्या कंपनीला तयार भट्टी विकावयाची असते. ती जुन्या भट्टीच्या अस्तराशी झटत बसत नाही. जो झटेल तो त्याच वसाहतीत दहा-पंधरा वर्षे भट्टीवर राबलेला पदविकाधारक, एखादा वेल्डर, एखाद्या लहान वर्कशॉपचा धनी. त्याच्या डोक्यात कल्पना असते. परंतु अस्तराचा नमुना किती उष्णतेला तडकतो, त्याची कणरचना कशी आहे, धातूत कोणती अशुद्धी उतरली, हे तपासण्याची साधने त्याच्यापाशी नसतात, आणि ती विकत घेण्याची तर बातच नको. बँक तारण मागते. साहसी भांडवल म्हणून जे म्हणतात त्याला पाच-सात वर्षांत कित्येक पट परतावा हवा असतो. मोबाइलवरील एखाद्या सोयीत तो मिळतो, तीनदा बांधून तीनदा फोडाव्या लागणाऱ्या भट्टीत मिळत नाही. म्हणजे बाजाराच्या कोणत्याही खात्यात हा मनुष्य बसत नाही.

अमेरिकेसारख्या भांडवलशाहीच्या माहेरघरीही ही अडचण ओळखली गेली हे लक्षात घेण्याजोगे आहे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेत २०१४ साली ‘सायक्लोट्रॉन रोड’ नावाची योजना निघाली. स्वच्छ ऊर्जेची नवी वस्तू, मग ती विद्युतघट असो वा उष्णता साठविण्याचे साधन, घडवू पाहणाऱ्या तरुण तंत्रज्ञाला दोन वर्षे निर्वाहवेतन द्यावयाचे आणि सरकारी प्रयोगशाळेची उपकरणे व तेथील शास्त्रज्ञांचा सल्ला त्याला उपलब्ध करून द्यावयाचा, हे तिचे स्वरूप. पैसा मुख्यतः तेथील ऊर्जा खात्याचा. आरगॉन आणि ओक रिज या प्रयोगशाळांनी तोच कित्ता गिरविला. या दोन्ही प्रयोगशाळांचा जन्म अणुबॉम्बच्या प्रकल्पातला. त्यांची दारे आज एकट्यादुकट्या कारागिरासाठी किलकिली होतात, ही इतिहासाची एक बरी वळणवाट म्हटली पाहिजे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या योजनेमागील तर्क अगदी साधा आहे. प्रयोगशाळेची इमारत, सूक्ष्मदर्शक, तप्तभट्ट्या यांवरील खर्च समाजाने एकदा करून टाकलेला असतो. त्यांवर आणखी एका माणसाने काम केले तर वाढीव खर्च अल्प, आणि त्यातून निघणारे ज्ञान मात्र अनेकांच्या उपयोगाचे. अशा ठिकाणी दाराशी पहारा ठेवणे हीच उधळपट्टी होय.

आपल्याकडे हा विचार परका आहे असे मात्र कोणी समजू नये. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालकांचे अन्न करण्याची पद्धत शोधली, आणि आणंदच्या सहकारी संघाने ती उचलून परदेशी कंपन्यांची मिरास मोडली. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत ‘स्वराज’ ट्रॅक्टरचा आराखडा झाला. १९७० साली पंजाब सरकारच्या औद्योगिक विकास महामंडळाने त्यासाठी कंपनी काढली आणि १९७४ मध्ये ट्रॅक्टर शेतात उतरला. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, आराखडा करणाऱ्यांपैकी काही अभियंते स्वतः त्या कारखान्यात गेले. ज्ञान कागदावरून नव्हे, माणसाबरोबर गेले. याउलट राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात केलेली सौर चूल घ्या. वस्तू प्रयोगशाळेत पुरी झाली, बाजारात आली आणि पडली. कारण ती करणारे आणि स्वयंपाक करणाऱ्या बाया यांची गाठ कधी पडलीच नव्हती. (‘स्वराज’ची कंपनीही राज्य शासनाने आपला वाटा विकल्यानंतर २००७ साली महिंद्रांकडे गेली. तो वेगळा लेखाचा विषय आहे.)

आज महाराष्ट्रात या दिशेने काहीच नाही असेही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयाने २००७ पासून ‘व्हेंचर सेंटर’ चालते आणि रसायने, नवे पदार्थ, जैवतंत्र यांत धडपडणाऱ्यांना तेथे जागा व उपकरणे मिळतात. केंद्राच्या ‘निधी-प्रयास’ योजनेत नमुना घडविण्यासाठी दहा लाख रुपयांपर्यंत मदत ठरविण्यात आली. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या मराठवाड्यातील व इतर तरुणांनी सौर वाळवणयंत्र तयार केले आणि ते मराठवाड्यातील शेतकरी स्त्रियांच्या हाती दिले. त्यांच्या ‘एस-फोर-एस’ या संस्थेला २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. सार्वजनिक पैशावर उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्थेतून सुरुवात झालेली ही वस्तू आहे, हे पुरस्काराच्या बातम्यांत फारसे कोणी लिहिले नाही.

परंतु दार कोणासाठी उघडते? ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात हायड्रोजनवर चालणारी बस केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते दाखविण्यात आली. राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि एक मोठी सॉफ्टवेअर कंपनी यांचे ते संयुक्त काम. काम चांगले आहे; परंतु तेवढ्या मोठ्या कंपनीला प्रयोगशाळेचे दार ठोठवावे लागत नाही, ते आतूनच उघडते. जालन्याच्या वर्कशॉपवाल्याला आधी तीनशे किलोमीटर दूर जावे लागते, मग इंग्रजीत अर्ज, मग इंग्रजीतच दहा मिनिटांचे भाषण. आणि समजा निवड झालीच, तर घर कोणी चालवावे? उद्योजकाला निर्वाहवेतन देणाऱ्या केंद्रीय योजनेत सुरुवातीस महिना तीस हजारांची मर्यादा होती, तीही एक वर्षापुरती. वडिलांचा बंगला ज्याच्या पाठीशी आहे त्यालाच हे साहस परवडते. त्यालाच मग आपण गुणवत्ता म्हणतो.

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळा पुण्यात आहेत, नागपुरात आहेत. मराठवाड्यात एकही नाही. हिंगोली जिल्ह्यात गुरुत्वलहरी टिपणारी ‘लायगो’ वेधशाळा येणार आहे. तिला २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटींची मंजुरी मिळाली. विश्वाच्या टोकावरून येणारा कंप मराठवाड्यात मोजला जावा याचा मला मनापासून आनंद आहे. जालन्यातील भट्टीच्या भिंतीचा तडा मात्र अद्याप कोणी मोजीत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये येथील एका पोलाद कारखान्यात भट्टीचा स्फोट झाला आणि वीसच्या आसपास कामगार जखमी झाले. भंगारात ओलावा किंवा बंद डबा राहून गेला की वितळलेल्या धातूत तो बॉम्बसारखा फुटतो, हे प्रत्येक भट्टीवाला जाणतो. असे भंगार आधीच ओळखणारे स्वस्त यंत्र हवे, ही गरज कोणत्याही गुंतवणूकदाराच्या यादीत नाही.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप. सार्वजनिक प्रयोगशाळा खाजगी धंद्याच्या दावणीला बांधावयाच्या का, असे आमचेच काही मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत ऊर्जा खात्याने हमी दिलेल्या ५३५ दशलक्ष डॉलरच्या कर्जासह सोलिंड्रा कंपनी २०११ मध्ये बुडाली. तो तोटा जनतेच्या खात्यावर पडला. टेस्लाला २०१० साली ४६५ दशलक्ष डॉलरचे कर्ज मिळाले, ते २०१३ मध्ये फिटले. त्यानंतरचे अफाट वैभव मात्र भागधारकांचे. बर्कलेच्या योजनेतही उद्योगात हिस्सा मागितला जात नाही. आपल्याकडे २०२५ च्या जुलैमध्ये केंद्राने खाजगी क्षेत्रातील संशोधनासाठी एक लाख कोटींचा निधी मंजूर केला. अल्प व्याजाची किंवा बिनव्याजी दीर्घ मुदतीची कर्जे त्यातून द्यावयाची आहेत. जो देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाचा अवघा ०.६४ टक्के खर्च करीत आला, त्याने हात सैल केला याचे स्वागतच. परंतु कल्पना प्राथमिक कसोट्या उतरून आल्यावरच हा निधी तिच्याकडे पाहणार, आणि पैसा मधल्या निधिव्यवस्थापकांमार्फत वाटला जाणार. पहिली तीन वर्षे, जेव्हा हातात फक्त जळालेली बोटे असतात, तेव्हा कोण?

उत्तर दार बंद ठेवण्यात नाही, दाराशी अटी लिहिण्यात आहे. २०१८ साली जालन्यात रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल सुरू झाले. माटुंग्याच्या त्या जुन्या संस्थेची परंपराच उद्योगाशी हात मिळविण्याची आहे. या संकुलात दरवर्षी पाच याप्रमाणे दोन वर्षांच्या दहा जागा स्थानिक उद्यमींसाठी राखाव्यात. पदवीची अट नको, आय. टी. आय. झालेल्या भट्टीवाल्याने मराठीत अर्ज करावा, आणि कामगारांच्या एखाद्या सहकारी गटानेही करावा. निवडसमितीवर प्राध्यापकांबरोबर भट्टीवर काम करणारे दोन कामगार असावेत. निर्वाहवेतन महिना एक लाखापर्यंत असावे, कारण कुशल मनुष्य नोकरी सोडून येणार आहे. त्यातून निघालेल्या शोधाचा परवाना लहान कारखान्यांना नाममात्र शुल्कात मिळावा. मोठ्या कारखान्याने विक्रीवर स्वामित्वधन द्यावे, ते संकुलाच्या पुढच्या जागांसाठी वापरावे. विषयांची वाण नाही. भट्टी आहे, भंगार आहे. कापसाच्या पऱ्हाट्या बांधावर जाळल्या जातात, त्यांच्या कांड्या करून पट्टी तापविण्याच्या कोळशाला पर्याय देता येईल का, हे पाहावयास हवे. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संस्थेत पऱ्हाट्यांवर पुष्कळ काम झालेले आहे. ते अहवालांतून भोकरदन-परतूरच्या शिवारात आणणारा मनुष्य तेवढा हवा. लोहिया ज्याला लहान यंत्र म्हणत असत ते असेच कोठे तरी घडावयाचे आहे.

खर्चाचे म्हणाल तर, प्रत्येकी चोवीस लाख वेतन आणि नमुन्यासाठी पन्नास लाख धरले तरी दहा जणांचे दोन वर्षांचे सात कोटी चाळीस लाख होतात. म्हणजे वर उल्लेखिलेल्या बचतीच्या मानाने चार कारखान्यांच्या एका वर्षाच्या विजेपेक्षाही कमी. वीजसवलतीवर खर्च होणाऱ्या रकमेतून एवढा भाग बाजूला काढण्याचा प्रस्ताव विधानसभेच्या पुढील अधिवेशनात मांडण्यास जिल्ह्याच्या पाच आमदारांपैकी कोणाचीही हरकत नसावी. मांडला गेल्यास भट्टी-कामगारांच्या संघटनांनी आपली दोन नावे तयार ठेवावीत.