हौस आपली, घर त्याचं

सध्या आमच्या शहापूर आणि मुरबाडच्या घरांत फोनवर एकच चर्चा चालू आहे. भाच्याच्या लेकीला ॲक्सोलॉटल पाळायचा आहे, आणि तोही हिरव्यागार पाणवनस्पती लावलेल्या टाकीत. "आजी, झाडांची टाकी त्याला चालेल ना?" असं तिने मला विचारलं. घरात दोन तट पडले आहेत, तेव्हा माझं मत एकदाच सविस्तर लिहिते.

ज्यांनी हे नाव प्रथमच ऐकलं त्यांच्यासाठी थोडं सांगते. ॲक्सोलॉटल हा मासा नव्हे. तो बेडकाच्या गणगोतातला, पण शेपटीवाला उभयचर आहे. बेडकाचं पिल्लू मोठं झालं की कल्ले टाकून जमिनीवर येतं. हा मात्र वीतभर मोठा झाला तरी डोक्यामागे पिसांसारखे कल्ले मिरवत जन्मभर पाण्यातच राहतो. नीट सांभाळला तर १०-१५ वर्षं जगतो. त्याचं मूळ घर मेक्सिको शहराजवळचं सोचिमिल्को, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे हा कळसूबाईच्याही वर राहणारा. त्याला पाणी लागतं १६ ते १८ अंशांचं. २४ च्या वर गेलं की तो खाणं सोडतो, बुरशी धरते आणि खंगत जातो.

आता झाडांचं. झाडं त्याला चालतात का? चालतात, इतकंच नव्हे तर उपयोगीही पडतात. हा प्राणी घाण बरीच करतो, आणि त्यातून पाण्यात उतरणारा अमोनिया व नायट्रेट वनस्पती शोषून घेतात. शिवाय त्याला पापण्या नसतात, त्यामुळे झगझगीत उजेड सोसत नाही. पानांच्या आडोशाला तो निवांत बसतो.

पण "झाडं चालतात" आणि "झाडांची टाकी चालते" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात दिसणारी सुंदर टाकी ही झाडांसाठी सजवलेली असते. तिच्यात प्रखर दिवे असतात, पाणी २५ अंशांच्या आसपास असतं, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे आणि खतं सोडलेली असतात. तळाशी घातलेली खास माती पाणी मऊ आणि आम्लधर्मी करते. ॲक्सोलॉटलला यातलं जवळजवळ सगळं उलट हवं: मंद उजेड, गार पाणी, थोडं जड पाणी, संथ प्रवाह. तळाला खडी तर नकोच. तो तोंड उघडून भक्ष्य पाण्यासकट ओढून घेतो. त्याबरोबर खडा गेला की आतडं तुंबतं. तळ मोकळा ठेवावा किंवा अगदी बारीक वाळू घालावी. मातीत लावलेली नाजूक रोपं तो चालता चालता उपटतो, म्हणून दगडाला किंवा लाकडाला बांधलेला जावा फर्न किंवा ॲन्युबियास बरा. दोन्ही कमी उजेडात तगतात. वर तरंगणारी थोडी पानं सोडली की सावलीही झाली.

तेव्हा टाकी प्राण्याची असावी, आणि झाडांनी तिच्यात पाहुण्यासारखं राहावं. इथपर्यंत माझं उत्तर 'हो' आहे.

पण खरी अडचण झाडांची नाहीच. ती मुरबाडच्या उन्हाची आहे. "झाडांमुळे पाणी थंड राहतं," असं एका दुकानदाराने पोरीला सांगितलं म्हणे. तसं काही होत नाही. झाडं सावली देतील, पण पाण्याचं तापमान खोलीच्याच वळणावर जाणार. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशी गाठतो. पंख्याचा वारा पाण्यावर सोडला तर दोन-चार अंश उतरतात, तेही हवा कोरडी असेल तर. बर्फाच्या बाटल्या टाकल्या की पाणी एकदम गार आणि तासाभराने पुन्हा कोमट, हा हेलकावा त्याला आणखी वाईट. उरतो चिलर. तो दिवसरात्र चालायला हवा, आणि उन्हाळ्यात वीज किती वेळ जाते ते शहापूर-मुरबाडकरांना मी काय सांगावं!

शिवाय पाणी. टाकीतलं पाव भाग पाणी दर आठवड्याला बदलावं लागतं. भातसा, तानसा, वैतरणा मुंबईची तहान भागवतात आणि शहापूर तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात. धरण उशाला नि कोरड घशाला. कुणी हौस करू नये असं मी म्हणत नाही, पण दहा-पंधरा वर्षांच्या हौसेचा हिशेब आधी मांडावा.

काही जण म्हणतील, पैसा असला की सगळं जमतं. जमतं, मान्य आहे. वातानुकूलित खोली, चिलर, जोडीला इन्व्हर्टर असेल तर शहरात लोक पाळतातही. त्यांनीही हा प्राणी सायटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे हे ध्यानात ठेवावं. २०२२ साली वन्यजीव कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी जिवांची नोंदणी सरकारकडे करावी लागते.

निसर्गाने याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलं आहे. शेपटीवाले उभयचर भारतात आढळतात ते दार्जिलिंग, सिक्कीम आणि ईशान्येकडच्या गार डोंगरांत. आपल्या सह्याद्रीत बेडकांच्या इतक्या जाती, पण हा शेपटीवाला भाऊबंद एकही नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. सोचिमिल्कोत १९९८ साली चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते, २०१४ ला ३६ च्या आसपास उरले. पाणी घाण झालं, आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प व तिलापिया अंडी-पिल्लं खाऊ लागले. तोच तिलापिया १९५२ साली आपल्याकडे आणला गेला. आज त्याला आपण चिलापी म्हणतो. एका ठिकाणचा जीव दुसरीकडे हलवला की काय होतं, याचे दोन्ही धडे इथेच आहेत.

म्हणून पोरीला मी सांगितलं ते असं. झाडांची टाकी जरूर कर. तिच्यात हायड्रिला लाव, तो आपल्याच तळ्यांतला आहे. झेब्रा मासे सोड. तेही मूळचे आपल्याच देशातले, स्वस्त, चपळ, आणि आपली हवा सोसणारे. कंटाळा आला तरी टाकीतलं काहीही ओढ्यात किंवा धरणात सोडू नकोस. ॲक्सोलॉटलची चित्रं काढ, त्याच्याविषयी वाच. आवडीचा प्राणी आपल्या घरात असलाच पाहिजे असं थोडंच आहे? तो त्याच्या गार पाण्यात सुखी असावा, एवढं वाटणं हेही प्रेमच आहे.