पाथेय दोघांच्या हातीं

संस्कृतांत शिदोरीला ‘पाथेय’ असा एक सुंदर शब्द आहे. वाटेवर जें उपयोगीं पडतें तें पाथेय. आम्ही मास्तर लोक या शब्दाची व्युत्पत्ति फळ्यावर लिहून मोकळे होतों. परंतु वाटेवर तें पाथेय कोणाच्या हातीं असावें, हा विचार मात्र मला स्वतःला वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, मुंबईच्या एका फलाटावर, फार उशिरां सुचला. ती हकीकत आज सांगण्याचें निमित्त असें कीं, गेल्या महिन्यांत माझा एक जुना विद्यार्थी सपत्नीक घरीं आला. मुलगा आमच्या शिरूरचा, रांजणगांवच्या एका कारखान्यांत नोकरीस, मुलगी दौंडची. लग्नास चार महिने झालेले. दोघांनींहि मुंबई पाहिलेली नाहीं. आजच्या काळीं हें ऐकून कोणास नवल वाटेल. परंतु पुण्यापलीकडे ज्यांचें काम पडत नाहीं अशीं कुटुंबें आमच्या घोडनदीकाठीं आजहि आहेत.

नमस्कार झाल्यावर त्यानें विचारलें, “सर, दोन दिवस रजा मिळते आहे आणि जवळ दहा हजार रुपये आहेत. एवढ्यांत मुंबई होईल का?”

मीं म्हटलें, “मुंबई होईल, सगळी होणार नाहीं.”

त्याचें त्यानें समाधान मानलें व आपला मोबाइल पुढें करून तो सांगूं लागला, कीं तिकिटें यांत येतील, पैसे यांतून देतां येतील, खोलीचा पत्ता यांत राहील, रस्ताहि हाच दाखवील. काळजीचें कारणच नाहीं. इतक्यांत आमच्या सौभाग्यवती पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनीं तें सारें ऐकून घेतलें आणि मुलीला विचारलें, “आणि तुझ्याजवळ काय असेल ग?”

मुलगी हंसून म्हणाली, “मी यांच्याबरोबरच असणार ना, काकू!”

यावर सौभाग्यवतींनीं माझ्याकडे पाहिलें. त्या पाहण्याचा अर्थ त्या दोघांस कळण्यासारखा नव्हता, म्हणून मला आमची १९८५ सालची गोष्ट त्यांना सांगावी लागली.

त्या वर्षाच्या डिसेंबरांत आम्ही दोघें प्रथमच मुंबईस गेलों व मुलुंडास एका नातेवाइकांकडे उतरलों. दोन दिवसांत काय काय पाहावयाचें याचें मीं शाळेच्या तासांप्रमाणें वेळापत्रक केलें होतें. प्रत्येक स्थळास पाऊण तास. तें वेळापत्रक माझ्या खिशांत, पैशांचें पाकीट माझ्या खिशांत, नातेवाइकांचा पत्ता ज्या डायरींत होता ती डायरी माझ्या खिशांत, आणि लोकलचीं दोन्हीं तिकिटेंहि अर्थात् माझ्याच खिशांत. पत्नीच्या हातीं काय होतें, तर जेवणाचा रिकामा डबा!

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं सहाच्या सुमारास दादरच्या फलाटावर गाडी आली. गर्दीच्या लोंढ्यानें मला उचलून आंत नेलें आणि ती बाहेर राहिली. गाडी जलद होती. ती जेथें प्रथम थांबली तेथें उतरून मी उलट गाडीनें परत आलों, तों ती जागेवर नाहीं! चुकामूक झाल्यास कोणीं कोठें थांबावें हें आम्हीं आधीं ठरविलेंच नव्हतें. मी तो फलाट या टोकापासून त्या टोकापर्यंत धुंडाळला, जिने पाहिले, तिकिटाच्या खिडक्या पाहिल्या. ती मात्र, मी उलट गाडीनेंच येणार असा अगदीं बरोबर तर्क करून, उलट गाडीच्या फलाटावर गेली होती. आणि मी त्याच फलाटावर उतरलों त्या वेळीं गर्दींत तिला मी दिसलों नाहीं, मला ती दिसली नाहीं. सव्वा तासानें ती मला सांपडली. एका कोळणीनें तिला आपल्या रिकाम्या टोपलीशेजारीं बसवून घेतलें होतें आणि तिच्यासाठीं स्वतःच्या दोन गाड्या सोडल्या होत्या. त्या माउलीचें नांव विचारण्याचें भान आम्हां दोघांसहि राहिलें नाहीं, याची रुखरुख सौभाग्यवतींस अजून आहे.

पत्नी रडली नाहीं, रागावलीहि नाहीं. ती एवढेंच म्हणाली, “मी एकटी घरीं गेलें असतें हो, पण पत्ता तुमच्या खिशांत होता.”

पाकिटावर पत्ता कसा लिहावा हें मी वर्गांत मुलांना दरवर्षीं शिकवीत असें. त्या वाक्यापुढें मात्र मला उत्तर सुचलें नाहीं.

वाचक म्हणतील, ही मोबाइल येण्यापूर्वींची गोष्ट झाली. मला तसें वाटत नाहीं. पूर्वीं चार वस्तु एका खिशांत असत. आतां त्याच चार वस्तु एका मोबाइलांत असतात, आणि तो मोबाइलहि एकाच्याच खिशांत असतो. तो हरवला, पाण्यांत पडला किंवा दुपारींच त्याची बॅटरी संपली, म्हणजे तिकीट, पैसा, पत्ता व वाट हीं चारहि एकदम जातात. साधन बदललें आहे. वांटणी तीच राहिली आहे. म्हणून त्या सायंकाळीं आम्ही चौघांनीं बसून जो बेत केला, तो प्रथमच मोठ्या शहरीं निघणाऱ्या इतर जोडप्यांसहि उपयोगीं पडावा म्हणून येथें देतों.

पहिली गोष्ट दिवसांची. राणीची बाग बुधवारीं बंद असते व घारापुरीचीं लेणीं सोमवारीं बंद असतात. शनिवार-रविवारीं दोन्हीं ठिकाणीं गर्दी उसळते. यास्तव गुरुवार व शुक्रवार हे दोन दिवस पक्के केले.

दुसरी गोष्ट मार्गाची. शिरूरास रेल्वे नाहीं; दौंड मात्र १८७८ सालीं मनमाडचा फांटा झाल्यापासून जंक्शन आहे. म्हणून बुधवारीं एस. टी. नें मुलीच्या माहेरीं दौंडास जावें. १७ मार्च १९२३ नव्हे हो, २०२३ पासून एस. टी. त स्त्रियांना अर्धें तिकीट आहे, तेवढीच बचत. सोलापूरहून मुंबईस जाणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस उत्तररात्रीं दौंडास येते आणि सकाळीं मुंबईस पोहोंचविते. जातांना ही गाडी व येतांना शुक्रवारीं रात्रींची तीच गाडी धरली, म्हणजे मुंबईंत खोलीचें भाडें एकाच रात्रीचें पडतें. येथें एका चुकीस जपावें. बुधवारीं रात्रीं जेवून निघालें तरी गाडी मध्यरात्रीनंतर येते. म्हणून तिकिटावर तारीख गुरुवारची हवी. पंचांगाचा दिवस सूर्योदयास बदलतो, रेल्वेचा मध्यरात्रीं बदलतो, हें विसरून फलाटावर हळहळलेलीं कुटुंबें मीं पाहिलीं आहेत. आरक्षण साठ दिवस आधीं खुलें होतें. तेव्हां घाई न करतां पण वेळेवर करावें. तसेंच, मनमाडकडून पुण्याकडे जाणाऱ्या कांहीं गाड्या दौंड जंक्शनांत न येतां कॉर्ड मार्गावरील निराळ्या स्थानकावर थांबतात. दुसरी गाडी घेणारांनीं तिकिटावर कोणत्या स्थानकाचें नांव आहे तें वाचावें. नववधूच्या आधारपत्रिकेवर बहुधा माहेरचें नांव असतें. तिकिटावर तेंच नांव घालावें, आणि ती पत्रिका तिच्याच पाकिटांत असावी.

तिसरी गोष्ट पैशांची. दहा हजारांची वांटणी आम्हीं अशी केली : प्रवासास २,०००, खोलीस २,५००, भोजनास २,०००, बोट व प्रवेशशुल्क यांस १,०००, आणि १,५०० राखीव, यांस शेवटच्या गाडींत बसेपर्यंत हात लावावयाचा नाहीं. उरलेल्या हजारांतून प्रत्येकास पांचशें. हे पांचशें ज्यानें त्यानें आपल्या इच्छेप्रमाणें खर्चावे. दुसऱ्यानें ‘कशाला घेतलेंस?’ असें विचारूं नये. काटकसरीच्या प्रवासांत माणसाचा जीव कोंडतो तो पैसे थोडे असल्यामुळें नव्हे, तर प्रत्येक रुपयासाठीं दुसऱ्याचें तोंड पाहावें लागतें यामुळें. खोली ठरवितांना भाड्यांत कर धरला आहे कीं नाहीं आणि सकाळीं किती वाजतां सोडावी लागते, हे दोन प्रश्न आधींच विचारावे. दादरच्या आसपास साध्या जेवणाचीं घरगुती ठिकाणें मिळतात. आणि पहिल्या दिवशींची सकाळ तर घरच्या दशम्यांवर सहज निघते.

आतां काय पाहावें? गाडी जेथें उतरविते तें स्थानकच मुंबईचें पहिलें प्रेक्षणीय स्थळ आहे, व त्यास वेगळें शुल्क नाहीं. स्टीव्हन्स नामक स्थापत्यकारानें आंखलेली ही इमारत १८८७ सालीं पुरी झाली व २००४ सालीं युनेस्कोनें तिला जागतिक वारशांत घेतलें. पुष्कळ लोक तेथून धांवत बाहेर पडतात. यांनीं रस्ता ओलांडून मागें वळून पाहावें. समोरच महापालिकेची १८९३ ची इमारत आहे, तीहि त्याच स्टीव्हन्सची. तेथून पायींच हुतात्मा चौक, विद्यापीठाचा १८७८ चा राजाबाई मनोरा, आणि शेवटीं १९२४ सालीं खुलें झालेलें गेट वे ऑफ इंडिया. अवघी दोन-तीन किलोमीटरांची वाट. पण मुंबई कशी वाढली याचा धडा त्या वाटेवर दगडांत लिहिलेला आहे. लोकलचें तिकीट अगदीं जवळच्या अंतरास पांच रुपये आणि बसचें दहा-बारा रुपयांपासून. तेव्हां टॅक्सीची गरज क्वचितच पडावी. लोकलनें मात्र सकाळीं आठ ते अकरा व सायंकाळीं पांच ते आठ या वेळांत शक्यतों जाऊंच नये.

शुक्रवारीं घारापुरी. गेट वेपासून बोटीनें सुमारें एक तास. वर जावयास शंभराहून अधिक पायऱ्या. बोटीचें भाडें हाच यांतला मोठा खर्च. लेण्याचें शुल्क चाळीस रुपये. समुद्र खवळलेला असतो त्या पावसाळ्यांत हा बेत करूं नये. लेण्यांतील सदाशिवाची प्रचंड त्रिमुखी मूर्ति पाहतांना घड्याळ पिशवींत ठेवावें. माझ्यासारखा पाऊण तासाचा हिशेब करूं नये.

एवढें झाल्यावर मुलानें आणखी सात-आठ नांवें वाचलीं. मीं तीं खोडूं लागलों, तेव्हां सौभाग्यवतींनीं वही माझ्या हातून काढून मुलीपुढें ठेविली. “तुला काय पाहायचें आहे तें तूं लिही.” मुलगी अंमळ थांबली आणि तिनें लिहिलें : पेंग्विन. राणीच्या बागेंत हे पक्षी २०१७ पासून लोकांस पाहावयास मिळतात. स्थानकापासून भायखळ्यास पांच रुपयांत जातां येतें. गुरुवारची दुपार त्यांना दिली. मुलगा चकित होऊन म्हणाला, “हें तूं मला कधीं सांगितलें नाहींस!” ती म्हणाली, “तुम्हीं विचारलें कुठें?”

सप्तपदींतलें सातवें पाऊल सख्याचें असतें. पहिलीं सहा पावलें आपण भटजींच्या सांगण्यावरून टाकतों. सातव्याचा अर्थ दोघांनीं मिळून शोधावयाचा असतो, आणि तो बहुधा अशाच किरकोळ प्रश्नोत्तरांत सांपडतो.

शेवटीं दोन कागद केले. दोहोंवर तोच मजकूर : खोलीचा पत्ता, दूरध्वनीचे तीन क्रमांक, परतीच्या गाडीचें नांव, डबा व वेळ. एक त्याच्या पाकिटांत, एक तिच्या. रोख रक्कम अर्धी-अर्धी. लोकलचें तिकीट ज्याचें त्याच्याजवळ. आणि एक नियम मोठ्या अक्षरांत : चुकामूक झाल्यास जो फलाटावर राहिला त्यानें तेथून हलूं नये; जो गाडींत गेला त्यानें पुढच्या थांब्यावर उतरून परत त्याच फलाटावर यावें. हा नियम सांगतांना माझा आवाज जरा घोगरा झाला, असें सौभाग्यवतींचें म्हणणें आहे.

मंडळी गेल्यावर त्या बशा आवरतां आवरतां म्हणाल्या, “मला चौपाटीवर नुसतें बसायचें होतें. तुम्हीं पाऊण तासांत उठविलेंत.”

चाळीस वर्षांत हें मला ठाऊक नव्हतें. कारण मींहि विचारलें नव्हतें. पुढच्या महिन्याचीं दोन तिकिटें मीं काढलीं आहेत. त्यांतलें एक त्यांच्या पाकिटांत आहे, पत्त्यासह.