सुटे पैसे व काटकसरीची संवय

‘थेंबें थेंबें तळें सांचें’ ही म्हण आपण सर्वांनीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. तिचा धडा गिरविण्यासाठीं पूर्वीं घरोघर मातीचा गल्ला असे. बाजारांतून परत आलेला मुलगा उरलेलीं नाणीं आईच्या हातीं देई, आणि त्यांतील एखादें तिच्या अनुमतीनें गल्ल्यांत पडे. २०१६ सालीं यूपीआय सुरू झालें. पुढें भाजीवाल्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत सर्वत्र फोनवरून नेमकी रक्कम देण्याची रीत पडली आणि सुटे पैसे घरीं येईनासे झाले. आमच्या घरचा गल्लाही कित्येक वर्षें रिकामाच आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठीं एक नवी युक्ति निघाली आहे. आपण ४७ रुपयांची वही घेतली, कीं फोनांतील ॲप ती रक्कम ५० धरतें व वरचे ३ रुपये बाजूस टाकतें. अमेरिकेंत बँक ऑफ अमेरिकेनें २००५ सालीं अशी योजना आपल्या खातेदारांसाठीं काढली; २०१४ सालीं ‘एकॉर्न्स’ ह्या ॲपनें ते सुटे पैसे रोखे-बाजारांत गुंतविण्याची सोय केली. आपल्याकडे ‘जार’सारख्या ॲपांतून ते डिजिटल सोन्यांत जातात.

‘पुढल्या महिन्यापासून शिल्लक टाकूं’ असें म्हणत वर्षें घालविणाऱ्याची ह्या युक्तीनें सुरुवात तरी होते, हा तिचा गुण आम्ही नाकारीत नाहीं. परंतु परवां एका लहान विद्यार्थ्यानें आम्हांस मोठ्या अभिमानानें सांगितलें, “मी जितक्या वेळां खाऊ घेतों, तितकी आईची बचत वाढते!” हें ऐकून आम्ही विचारांत पडलों. त्या मुलाचा हिशेब चुकलेला नव्हता. ॲपनें त्याला शिकविलें तेंच तो बोलत होता. ४७ रुपयांचें सरबत पिऊन ३ रुपये बाजूस टाकणाऱ्यापेक्षां, घरचें पाणी पिऊन ५० रुपये राखणारा अधिक श्रीमंत, ही साधी गोष्ट मात्र त्याला कोणीं सांगितली नव्हती. काटकसर म्हणजे खर्चापूर्वीं मनाशीं केलेला विचार; खर्चानंतर आपोआप पडलेली चिल्लर नव्हे.

शिवाय थेंब मोजतांना गळतीही मोजली पाहिजे. एकॉर्न्सच्या सर्वांत स्वस्त योजनेसही दरमहा ३ डॉलर द्यावे लागतात. ज्याचे सुटे पैसे महिन्याकाठीं २० डॉलर जमतात, त्याचे त्यांतील शेंकडा १५ अशा रीतीनें जातात. डिजिटल सोनें घेतांना शेंकडा ३ जीएसटी पडतो, आणि विकतांना मिळणारा भाव खरेदीच्या भावाहून कमी असतो. असें सोनें आपल्या नियमनाखालीं येत नाहीं, असा इशारा सेबीनें नोव्हेंबर २०२५ मध्यें लोकांस दिला आहे. ज्या घरीं रुपया-रुपया जपून टाकला जातो, त्या घरानें तरी ह्या गोष्टी आधीं जाणून घेतल्या पाहिजेत.

तेव्हां पालकांस आमची विनंति अशी कीं, ॲप वापरावयाचें असल्यास अवश्य वापरावें. परंतु मुलांच्या शिक्षणाचें काम त्यावर सोंपवूं नये. मुलाच्या हातीं एक लहानशी वही द्यावी. जी वस्तु घ्यावीशी वाटली पण विचारांतीं घेतली नाहीं, तिची किंमत त्यानें तींत लिहावी, आणि आईबापांनीं शक्य असेल तितकी रक्कम त्याच्या नांवें बाजूस ठेवावी. आपल्या देशांत टपाल खात्याची बचत बँक १८८२ पासून चालत आलेली आहे. तींत १० वर्षांवरील मुलास स्वतःच्या नांवें खातें उघडतां येतें, आणि दरमहा १०० रुपयांपासून पांच वर्षांची आवर्ती ठेवही ठेवतां येते. पांच वर्षांत मुद्दलच ६,००० रुपये होईल, व्याज निराळें.

विद्यार्थिमित्रांनो, ३ रुपये बाजूस ठेवण्याचें काम यंत्र तुमच्यासाठीं करील. पण दुकानापुढें उभें राहून ‘हें मला नको’ असें म्हणण्याचें काम तुमचें तुम्हांलाच करावयाचें आहे. तें ह्या वयांत साधलें, तर पुढें मोठा पगार हातीं आल्यावरही तो तुमच्या हातीं टिकेल.