भिंतींवरचा मजकूर

लक्झर ते आस्वान हा नाईलवरचा क्रूझप्रवास आता मराठी मध्यमवर्गाच्या परदेशी सहलींच्या यादीत पक्का बसला आहे. तीन किंवा चार रात्रींचा प्रवास. वाटेत एडफू आणि कोम ओम्बो, आस्वानजवळ फिले. मीना प्रभूंच्या ‘इजिप्तायन’मुळे हा देश मराठी वाचकाला अपरिचितही राहिलेला नाही. तरीही या सहलीहून परतलेल्यांचे (त्यांत साहित्याचे प्राध्यापकही आले) बोलणे ऐकताना एक गोष्ट खटकते. देवळांची उंची, खांबांचा घेर, दगडांचे वजन यांविषयी भरभरून सांगितले जाते; भिंतींवर लिहिले काय आहे, याविषयी जवळजवळ काहीच नाही. वाचणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनीही लिपीला वेलबुट्टी समजून पुढे जावे, याचे मला आश्चर्य वाटते.

एडफूचेच पाहू. होरसच्या या देवळाचे बांधकाम इ.स.पू. २३७ मध्ये सुरू झाले आणि इ.स.पू. ५७ मध्ये संपले. म्हणजे राज्यकर्ते ग्रीक वंशाचे टॉलेमी, देव आणि लिपी मात्र इजिप्तची. सकाळी बोटी धक्क्याला लागतात, घोडागाड्यांतून मंडळी देवळात पोहोचतात, प्रवेशद्वाराच्या छत्तीस मीटर उंचीच्या मनोऱ्यांपुढे छायाचित्रे निघतात. आत एक लहानशी खोली आहे. तिला ग्रंथगृह म्हणत आणि तेथे ठेवलेल्या ग्रंथांची यादी तिच्या भिंतीवरच कोरलेली आहे. ग्रंथ केव्हाच नष्ट झाले, सूची उरली. आपल्याकडे नुसत्या नामोल्लेखाने माहीत असलेल्या लुप्त ग्रंथांवर किती पाने खर्ची पडली आहेत, हे ज्याला ठाऊक आहे त्याने या खोलीसमोर थोडे अधिक रेंगाळायला हरकत नसावी.

पण खरी मौज पश्चिमेकडच्या तटभिंतीच्या आतल्या अंगाला आहे. येथे होरस आणि सेथ यांच्या झुंजीची एक संपूर्ण संहिता चित्रांसह कोरली आहे. सेथ पाणघोड्याच्या रूपात आहे. होरस नावेतून दोरी बांधलेल्या भाल्यांनी त्याला एकामागून एक दहा घाव घालतो, आई इसिस मुलाला बळ देते, समूहाचा घोष चालू राहतो. विधीत पाणघोड्याच्या आकाराचा पोळा-केक म्हणा, पक्वान्न म्हणा, तेही कापले जाई. ब्लॅकमन आणि फेअरमन यांनी या मजकुरावर काम केले आणि १९७४ मध्ये फेअरमन यांनी तो सरळ नाटक म्हणून इंग्रजीत प्रसिद्ध केला. याला नाटक म्हणावे की विधी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मलाही ‘नाटक’ हा शब्द थोडा उतावीळ वाटतो. परंतु विधी कुठे संपतो आणि नाट्य कुठे सुरू होते हा प्रश्न आपण वर्गात दरवर्षी ग्रीकांपासून सुरू करतो, आणि त्याच प्रश्नाची एक अखंड भिंत समोर असताना पाठ फिरवून बोटीवरच्या जेवणाची वेळ गाठतो, हे काही बरे नव्हे.

सुट्टीवर आलेल्या माणसाने चित्रलिपी शिकून यावे, असा आग्रह कुणी धरणार नाही. एडफूच्या काळातली लिपी तर मुद्दामच अवघड झाली होती. पूर्वी काही शेकड्यांत असलेली चिन्हे टॉलेमींच्या काळात काही हजारांवर गेली. वाचणारे घटत होते आणि लिहिणारे पुरोहित अधिकाधिक गहन होत होते. (ही परिस्थिती आपल्या समीक्षेच्या वाचकांना अगदीच अनोळखी वाटू नये.) अनुवाद मात्र उपलब्ध आहेत, निघण्यापूर्वी चार पाने वाचता येतात, आणि गाईडला त्या भिंतीपाशी थांबायला सांगता येते.

या लिपीतला शेवटचा दिनांकित लेख फिले येथे आहे: २४ ऑगस्ट ३९४. तो ज्या देवाच्या आकृतीशेजारी कोरला आहे, तो मंडुलिस हा न्युबियाचा देव. रोमन साम्राज्य ख्रिस्ती झाल्यावरही फिलेची पूजा चालू राहिली ती मुख्यतः दक्षिणेकडच्या लोकांमुळे. सहाव्या शतकात जस्टिनियनने ती बंद करविली. त्या शेवटच्या लेखानंतर १८२२ मध्ये शाम्पोलियोंने लिपी उलगडेपर्यंत चौदाशेहून अधिक वर्षे या भिंतींना वाचक नव्हता. म्हणजे इजिप्तच्या लिपीचे शेवटचे अक्षर न्युबियाच्या देवाच्या पायाशी पडले. गाईडच्या निवेदनात हे क्वचितच येते.

त्यात येते ते दुसरे: युनेस्कोने फिले ‘वाचवले’. ही गोष्ट खरी आहे आणि थोरही. १९०२ च्या आस्वान धरणापासून हे देऊळ वर्षातले कित्येक महिने पाण्यात असे; पिएर लोतीने १९०९ मध्ये त्याच्या मृत्यूचा शोक आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातच केला होता. उंच धरणानंतर, १९७२ ते १९८० या काळात, दगड सुटे करून ते जवळच्या अगिल्किया बेटावर पुन्हा उभारले गेले. अबू सिंबेलचे स्थलांतर त्याआधीच, १९६८ पर्यंत झाले होते. पण त्याच धरणासाठी १९६३-६४ मध्ये इजिप्तमधील सुमारे पन्नास हजार न्युबियन माणसे उठवली गेली. देऊळ आपल्या नदीत, बेटावरच राहिले. माणसे कोम ओम्बोच्या परिसरात, नदीपासून दूर वसवली गेली. ‘वाचवले’ या क्रियापदाचे कर्म कोण, हा प्रश्न ‘झाडाझडती’ वाचलेल्या मराठी माणसाला तरी सुचायला हवा.

न्युबियनांनी ते लिहून ठेवले आहे. मुहम्मद खलील कासिम यांची ‘अल-शमंदूरा’ ही कादंबरी १९६८ ची. तिच्यात १९३० च्या दशकात धरणाची उंची वाढवली तेव्हा बुडालेले गाव आहे. इद्रिस अली यांची ‘दोंगोला’ १९९३ ची. दोन्ही अरबीत आहेत, कारण एकेकाळी स्वतःची लिपी असलेली न्युबियन भाषा आज मुख्यतः बोलण्यातच उरली आहे. क्रूझवर मात्र न्युबिया भेटतो तो रात्रीच्या जेवणानंतरच्या ‘न्युबियन नृत्या’त.

कोम ओम्बोला बोटी बहुधा संध्याकाळी लागतात. सोबेक आणि हरोएरिस यांचे जोड-देऊळ, मगरींच्या ममी, दिव्यांत उजळलेले खांब, आणि तासाभरात परत. त्याच परिसरात, उसाच्या शेतांपलीकडे, पुनर्वसनाची गावे आहेत. त्यांना बुडालेल्या गावांचीच नावे दिलेली आहेत.