नळीच नाही त्याचं काय?

२०१८ साली सुप्रीम कोर्टाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. आशा संपली असेल तर नळ्या, व्हेंटिलेटर काढता येतो. तसं आधी लिहूनही ठेवता येतं. निकाल चांगलाच आहे. पण ज्याला नळीच लावलेली नाही, त्याचं काय? दवाखान्याने ‘घरी न्या’ म्हणून सांगितलेले आमचे चुलते घशाच्या कॅन्सरने तीन महिने ओसरीवर पडून होते. पुरते शुद्धीवर. थुंकी गिळवेना. ‘सोडवा रे’ म्हणायचे. त्यांच्या अंगावरून काय काढायचं होतं, गोधडी?

अमेरिकेत ओरेगॉन राज्याने यावर वाट काढलीय. तिथं १९९७ पासून कायदा आहे. सहा महिन्यांच्या आत मरण येणार असा दोन डॉक्टरांचा दाखला लागतो. मागणी रोग्याने स्वतः करायची, औषधही स्वतःच घ्यायचं.

लोक म्हणतील, सातबाऱ्यासाठी पोरं बापाला संपवतील. भीती खरी आहे. म्हणूनच अटी कडक पाहिजेत. वारसाचा शब्द तिथं चालता कामा नये. कर्जाने गांजलेल्याला तर हे दार नकोच, त्याला जगवायचं. आणि दुखणं थांबवणारं मॉर्फिन आधी गावागावात पोचलं पाहिजे.

१९८२ साली पवनारला विनोबांनी अन्न-औषध सोडून देह ठेवला. देशाने हात जोडले. मग मरणाच्या दारातल्या कुणब्याने सुटका मागितली, तर त्याला मदत करणारा डॉक्टर गुन्हेगार का?